शोधायचे पैसे

सकाळी साडेसहा

दात घासत असतानाच फोन वाजला. या वेळेचा फोन म्हणजे पन्हाळ्याच्या वाटेवरचा. कामावर जायच्या आधी वर जाऊन चहा पिऊन यायचं खूळ हल्ली कोल्हापुरात बऱ्याच जणांना आहे, आणि त्या चहाला दीड-दोनशे अश्वशक्तीची गाडी लागते.

"मिस्त्री, वाघबिळात हाय. गाडी सुरूच हुईना."

"डिस्प्ले लागतोय?"

"लागतोय की."

"बटण दाबल्यावर?"

"कायच न्हाई. टक् बी न्हाई."

"उजव्या मुठीजवळचं तांबडं बटण बघ, कुठल्या बाजूला हाय."

पलीकडं सगळं गप्प. मग इंजिनाचा आवाज आणि फोन बंद. किल स्विच! फोटो काढताना मित्रानं गाडीवर बसून चाळा केलेला असतो. या दुखण्याचे मी पैसे घेत नाही. ज्याचं झालं तो पुढं वर्षभर माझ्याशी अदबीनं वागतो, तेवढं पुरे.

सेल्फच्या वाटेवर असे चार नाके आहेत: किल स्विच, न्यूट्रल, क्लच आणि साइड स्टँड. एकानं जरी अडवलं तरी वीस लाखांची गाडी जागची हलत नाही. न्यूट्रलमध्ये चालते आणि गिअर टाकला की मरते, असं कुणी सांगितलं तर मी पुढचं विचारतच नाही. स्टँडचा स्विच गाडीच्या सगळ्यात खालच्या अंगाला असतो, मृगाचा पहिला चिखल त्यातच जातो. बाटलीतलं पाणी मारायचं, स्टँड पाच-सहा वेळा खालीवर करायचा, घरी यायचं. मग निवांत दुरुस्ती.

साडेआठ

उद्यमनगरात आमच्या गाळ्यावर अजून 'मोटर रिवाइंडिंग' असाच बोर्ड आहे. वडील पंपाच्या मोटरी भरायचे. शेजारी दोन्हीकडं लेथ, समोर ड्रिल बिटांचं दुकान, हवेत कटिंग ऑइलचा वास. अशा गल्लीत परदेशी स्पोर्ट्‌स बाइक उभी राहिली की लेथवरची पोरं हात पुसत बघायला येतात. कुणी हात लावत नाही, सगळे टाकीत स्वतःचं तोंड बघून जातात.

आजची गाडी इचलकरंजीहून टेंपोनं आली. टेंपोवाल्यानं बेल्ट सोडले ते इतक्या सफाईनं की मी विचारलं, नेहमीचंच का काय? तो म्हणाला, "ही गाडी रस्त्यावर कमी आन माझ्या टेंपोत जास्त फिरलीया." मागून मोटारीतून मालक उतरत होते, त्यांनी ऐकलं. हसले नाहीत.

मालकांचे यंत्रमाग आहेत. वय पंचेचाळीसच्या पुढं, हातात फाईल. फाईल घेऊन येणारा गाडीवाला म्हणजे दुखणं जुनं, हे ओळखायला वेळ लागत नाही. त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं: हायवेला गाडी देवासारखी पळते. शहरात शिरली, दोन-चार सिग्नलला थांबली की डिस्प्लेवर दिवे लागायला लागतात. आधी एबीएस, मग ट्रॅक्शन कंट्रोल, मग क्विकशिफ्टर, शेवटी इंजिनाचा पिवळा दिवा. त्यानंतर बंद केली की सुरू होत नाही. अर्धा-पाऊण तास उभी केली की कधी होते, कधी नाही.

मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला ती गेली होती. आधी बॅटरी बदलली. महिन्याभरात पुन्हा तेच, म्हणून आणखी एक बॅटरी. मग मॅग्नेटमधली कॉइल, म्हणजे स्टेटर, बदलला. तो बाहेरून यायचा म्हणून गाडी तिथंच पडून राहिली. आणि शेवटी ईसीएम, म्हणजे इंजिनाचा मेंदू, बदलायचं एस्टिमेट, लाखाच्या वर. ते फाईलमध्ये सगळ्यात वर लावलं होतं.

"मिस्त्री, गाडी घेताना हौस होती," ते म्हणाले. "आता भीती वाटती. बायकोला मागं बसवून नेत न्हाई. कुठं जायचं ठरवलं की आधी बघतो, तिथवर टेंपो येईल का."

गाडी बंद पडण्याचा राग लोक विसरतात. पण ती कधी बंद पडेल हे न कळण्याची जी धाकधूक असते, ती माणसाला गाडीपासून तोडते. मी अशा गाड्या पाहिल्यात, टाकीत जुनं पेट्रोल, टायरवर कारखान्यातले केस अजून शाबूत आणि किमतीचा आकडा मालकाच्या तोंडपाठ.

मी त्यांना एवढंच विचारत राहिलो: नेमकं कधी? गार असताना एकदाही? पावसात? रात्री? फॅन चालू होता का? शेवटच्या प्रश्नाला ते थांबले. "फॅन तर चालूच असतोय की, गावात शिरलं की." मी हाताखालच्या भाच्याकडं बघितलं. त्यानं वहीत 'फॅन' लिहून खाली रेघ मारली.

साडेनऊ

आता फेअरिंग, म्हणजे गाडीवरचं प्लॅस्टिकचं कवच, काढायचं. या कामाचं कुणी वर्णन करत नाही, म्हणून करतो.

जुन्या येझदीची बाजूची पेटी नाण्यानं उघडायची. सगळी वायरिंग सहा व्होल्टची, हाताच्या पंजावर मावेल एवढी, आणि ती वहीच्या एका पानावर काढता यायची. या गाडीत बॅटरीपर्यंत पोचायला सीट, सीटखालचा पत्रा, मग टाकीचं प्लॅस्टिक, मग दोन्ही बाजूंचे पंख. प्रत्येक पंखाला चार जातींचे स्क्रू: एक लांब, एक आखूड, एक खांदा असलेला, एक पाव फेरा फिरवून सुटणारा. मधेमधे प्लॅस्टिकचे खिळे. त्यांची टोपी आधी आत ढकलायची की वर ओढायची हे दोन कंपन्यांत सारखं नसतं, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही नसतं. आणि एक खुंटी रबरात अशी घुसलेली, की ओढायच्या बाजूचा अंदाज चुकला तर पंखाचा कान तुटतो. कान सुटा मिळत नाही, अख्खा पंख घ्यावा लागतो.

म्हणून आमच्याकडं टेबलावर पुठ्ठा असतो. त्यावर भाचा गाडीची आकृती काढतो आणि जिथला स्क्रू तिथं टोचून ठेवतो. आयटीआय केलेलं पोरगं आहे, हात चांगला आहे. पण पहिल्याच दिवशी मी त्याला सांगून ठेवलंय, की ह्या गाडीत वीज शोधायच्या आधी वीज कुठं ठेवलीय ते शोधावं लागतं. गाडी काढणाऱ्यांनी शर्यतीचा विचार केला, रंगाचा केला, वजनाचा तर ग्रॅमवर केला. पण आमच्यासारखा कुणीतरी एक दिवस मीटरची काडी घेऊन इथं हात घालणार आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अकरा

स्कॅनर लावला. कोड निघाले ते मोजत बसायला नको, पडदा खाली सरकवावा लागला. मालक माझ्या खांद्यावरून बघत होते. "एवढं सगळं बिघडलंय?"

नाही. उलट एवढं सगळं एकदम दिसलं की मला धीर येतो. या गाड्यांत इंजिनाचा ईसीएम, एबीएसचा डबा, डिस्प्ले, गाडी किती झुकली ते मोजणारा सेन्सर, हे सगळे दोन पीळ घातलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. ही कॅन नावाची पद्धत बॉशची, 1986 साली जगापुढं आली ती मोटारींसाठी. दुचाकीत ती नंतर उतरली. फायदा मोठा, वायरिंगचं वजन कमी होतं. पण मंडळी एका पंगतीत बसलेली असतात. वाढप्याचा हात आखडला की सगळे एकदम ओरडतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं सगळेच आजारी आहेत.

कोडच्या मागं त्या वेळच्या नोंदी असतात. त्या वाचायला कंटाळा करू नये. एबीएस, ट्रॅक्शन, क्विकशिफ्टर, सगळ्यांची तक्रार जवळजवळ एकाच वेळची होती आणि प्रत्येकीशेजारी व्होल्टेजचा आकडा अकराच्या खाली. म्हणजे कुणी आजारी नाही, उपाशी आहेत. तरी कॅनच्या दोन तारांमध्ये चावी बंद ठेवून रेझिस्टन्स बघितला. दोन टोकांना 120-120 ओहम असतात, मधून मोजलं की 60 यायला पाहिजे. 60 आला. ती वाट बंद झाली.

ईसीएमचं एस्टिमेट मी फाईलमध्ये सगळ्यात खाली सरकवलं.

बारा

बॅटरी चांगली. रात्रभर उभ्या गाडीत 12.7 व्होल्ट, सेल्फ मारताना साडेदहाच्या खाली गेली नाही. स्टेटरच्या तिन्ही पिवळ्या तारा एकमेकींशी सारख्या, अर्थला एकही लागत नाही, पाच हजार आरपीएमला तिन्ही जोड्यांत एसी व्होल्टेज समसमान. गाडी गार, सुरू करून बॅटरीवर मीटर धरला: 14.1. पुस्तकात लिहिल्यासारखं. सर्व्हिस सेंटरमध्येही हाच आकडा आला असणार.

इथं त्यांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. तिथल्या पोराला दिवसाला इतक्या गाड्या, प्रत्येक कामाला ठरलेले तास. पार्ट बदलला की जॉब कार्डावर ओळ पडते. मीटर धरून वाट बघत बसला तर कार्ड कोरं राहतं. त्याच्या अकलेत खोट नाही. त्याला वाट बघायचा पगार नाही, एवढंच.

मी पंख तसेच उघडे ठेवून गाडी चालू ठेवली. गाळ्यात जूनचा उकाडा, दाराबाहेर ढग भरून आलेले. कूलंट शंभराच्या पुढं गेला तसा फॅन घुरघुरायला लागला. फॅन एकटा सात-आठ अँपिअर ओढतो. पेट्रोल पंप, कॉइली, इंजेक्टर यांचं वेगळं. हेडलाइट बंद करून भार हलका करावा तर आपल्याकडं 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांना दिवा बंद करायचं बटणच नसतं. आणि गाडी आयडलला, म्हणजे मॅग्नेट सगळ्यात कमी देणार. कमाई कमी आणि खर्च जास्त, असा हा सिग्नलवरचा वेळ. हायवेला नेमकं उलटं. मालकांचं 'हायवेला देवासारखी' तिथंच उलगडलं.

बॅटरीवरचा आकडा उतरायला लागला. 13.6. थोड्या वेळानं 13.1. मालक घड्याळ बघत होते, मी आकडा बघत होतो. 12.5 ला तो थांबला.

दीड

गाडी बंद केली नाही. भाच्याला तिच्यापाशी बसवून मी भाकरी खाल्ली. मालकांना विचारलं तर म्हणाले भूक नाही. मग अर्धी भाकरी आणि झुणका घेतला.

बोलता बोलता विषय निघाला की महाग गाडी बंद पडतेच कशी. याला जुना इतिहास आहे. इंग्लिश गाड्या जगभर नावाजलेल्या असताना त्यांच्या दिव्यांवरून लोक जोसेफ ल्युकसच्या कंपनीला 'अंधाराचा राजकुमार' म्हणायचे. किंमत आणि भरवसा यांचं लग्न कधी लागलेलंच नव्हतं. किमतीत ताकद मिळते, हलकेपणा मिळतो, वळणावर झुकलेल्या गाडीचा ब्रेक सांभाळणारा मेंदू मिळतो. पण त्या मेंदूला जाणारी वीज एखाद्या साध्या फ्यूजमधूनच जाते, आणि त्या फ्यूजला धरणारी पितळी पकड स्कूटरला असते तसलीच असते.

दुसरं कारण म्हणजे चार्जिंगची जात. बऱ्याच गाड्यांत मॅग्नेट कायम पूर्ण जोरानं वीज करतो. नको असलेली वीज रेग्युलेटर, आमच्या भाषेत आरआर युनिट, शॉर्ट करून स्टेटरमध्येच परत फिरवतो. म्हणजे गाडीनं वीज वापरली नाही तरी आरआर तापतो आणि कॉइलही तापते. अलीकडं सीरिज जातीचे आलेत, ते गरजेपुरतंच दार उघडतात, म्हणून कमी तापतात. जुना असो वा नवा, त्याला वारा लागला पाहिजे. आणि गाडी सुंदर दिसावी म्हणून काही जण तो सीटच्या शेपटाखाली बसवतात, जिथं वारा पोचत नाही आणि मागच्या सिलिंडरची धग मात्र पोचते. या गाडीतही तिथंच होता.

"म्हणजे डिझाइनच चुकलंय म्हणा की," मालक म्हणाले.

"तुमच्यासाठी चुकलंय. इचलकरंजीच्या सिग्नलला डोळ्यांसमोर ठेवून कुणी काढली न्हाई ती."

सव्वादोन

आता खरं काम. मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी थेट आरआरच्या बाहेर पडणाऱ्या तारेवर. गाडी चालू, गरम, फॅन फिरतोय.

आरआरपाशी 14.3. बॅटरीपाशी 12.5. मधे 1.8 व्होल्ट गायब.

रेग्युलेटर आपल्या दाराशी 14.3 बघतो आणि खूश असतो. त्याच्या मते काम झालं. वाटेत कोण खातंय हे त्याला कळायला मार्ग नाही. क्लॅम्प मीटरवर तारेतून 12 अँपिअर जात होते. 1.8 गुणिले 12, म्हणजे एकवीस वॉटच्या वर. माझ्या टेबलावरचा सोल्डरिंग आयर्न पंचवीसचा आहे. वायरिंगच्या आत कुठंतरी, कापडी टेपच्या खाली, जवळजवळ तेवढाच तापणारा एक बिंदू होता.

भाच्यानं विचारलं, "मामा, पण मी सकाळी सगळ्या फ्यूजना बीप मारून बघितली की. सगळ्या वाजल्या."

बीपवर विसंबणारे मिस्त्री खूप आहेत. मीटर बीप करताना तारेतून अगदी नाममात्र करंट सोडतो. वीस धाग्यांच्या तारेतला एक धागा शाबूत असला तरी बीप वाजते. त्याच धाग्यातून बारा अँपिअर न्यायला गेलं की तो तापतो आणि अडवतो. म्हणून तार चालू कामात, भाराखाली, गरम असतानाच तपासायची. गार गाडीत हाच फरक 0.2 सुद्धा आला नसता.

आता एवढंच, की आरआर ते बॅटरी या हातभर वाटेत तो बिंदू कुठला. त्यासाठी टेप उसवावी लागणार होती.

तीन

पण तेवढ्यात आभाळ फुटलं, आणि पावसाबरोबर दोन गिऱ्हाइकं आत आली.

एक कॉलेजचा पोरगा. गाडी चारशे सीसीची, वडिलांनी दिलेली, लिथियम बॅटरी स्वतः हौसेनं टाकलेली. आठवडाभर उभी राहिली की मरते. चावी बंद करून बॅटरीच्या वाटेत अँपिअर मीटर लावला. घड्याळ आणि इमोबिलायझर मिळून एक-दोन मिलिअँपिअर चालतात, इथं सत्तरच्या आसपास निघाले. जीपीएस ट्रॅकर, अलार्म, मोबाइल चार्जर, तिन्ही थेट बॅटरीवर, उघड्या तारा पिळून वर चिकटपट्टी. लिथियम बॅटरी वजनाला हलकी तशी पोटालाही लहान, तिच्यातलं रक्षक सर्किट पाळी आली की सरळ दार लावून घेतं. सगळं काढून पोराच्या हातात दिलं. तो ट्रॅकरकडं बघत राहिला, काहीतरी बोलायचं होतं, बोलला नाही.

दुसरी गाडी एका डॉक्टरांची. डावीकडं पूर्ण हँडल वळवलं की बंद. यात शोधायला काही नाही. हेडलाइटसाठी कुणीतरी जास्तीच्या तारा ओढल्या होत्या आणि सगळा गठ्ठा हँडलच्या नळीपाशी झिप टायनं आवळला होता. हँडल वळलं की तार ताणते, आतून तुटते, वरून साबूत दिसते. टाय कापला, तार बदलली, वळायला ढिली जागा ठेवली. डॉक्टरांनी विचारलं, कंपनीची चूक का? म्हटलं, कंपनीनं सोडलेली ढिली जागा आपल्याच माणसानं आवळली. महाग गाड्यांच्या निम्म्या तक्रारी अशा नंतर चढवलेल्या दागिन्यांच्या असतात, हे माझं मत आहे, आणि ते मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो.

साडेचार

टेप उसवली. आरआरचा कपलर चांगला, पिना चकचकीत. तिथून पुढं वीतभर तार चांगली. मग फोमच्या एका तुकड्यात गुंडाळलेला तीस अँपिअरच्या फ्यूजचा होल्डर. तो या मॉडेलमध्ये फ्यूजच्या पेटीत नाही, एकटाच शेपटाखाली, आरआरला चिकटून. फोम सोलला तर काळं प्लॅस्टिक एका अंगानं तपकिरी होऊन जरा वाकलेलं. फ्यूज ओढून काढला. फ्यूज साबूत! म्हणूनच तो कुणाच्या नजरेत आला नव्हता. फ्यूज बघतात, फ्यूजला धरणारी पकड कोण बघतो? पकडीतलं पितळ तापून तापून मऊ पडलं होतं, स्प्रिंग गेली होती, पात्यावर निळसर-काळी झाक.

फ्यूज परत बसवून, गाडी चालू करून गरम झाल्यावर मीटर धरला: एवढ्या एका सांध्यावर दीड व्होल्टच्या वर.

सांधा सैल, म्हणून गरम. गरम, म्हणून आणखी सैल. हे चक्र नव्या बॅटरीनं थांबत नाही, नव्या स्टेटरनं तर नाहीच. नव्या ईसीएमनंही थांबलं नसतं, तोही उपाशीच राहिला असता.

मालकांना बोलावून होल्डर हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला. "हे?"

"हे."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कितीला मिळतो हा?"

पाच

दुरुस्तीचं काम शोधाच्या मानानं लहान आहे. तांब्याचा काळा पडलेला भाग कापत मागं गेलो, लखलखीत धागे दिसेपर्यंत. जाड तार, सहा स्क्वेअरची. पाणी न शिरणारा नवा होल्डर. त्याच्या मापाच्या डायनं क्रिंप. भाचा सोल्डर करायला निघाला होता, त्याला थांबवलं. सोल्डर धाग्यांत चढतं, तेवढी तार काडीसारखी ताठ होते, आणि ताठ-मऊच्या सीमेवर गाडीच्या थरथरीनं तुटते. घरातल्या रेडिओला सोल्डर, गाडीला क्रिंप. वर डिंक असलेली स्लीव्ह, हीट गन. होल्डर आरआरपासून लांब, बॅटरीच्या कडेला. आरआरखाली दोन वॉशर टाकून मागं हवेला फट ठेवली. कंपनीच्या माणसाला ते आवडलं नसतं, पण तो इथं नाही.

पंख बसवायच्या आधी चाचणी. टाकीवर छोटा व्होल्टमीटर चिकटवला आणि मालकांनाच चालवायला सांगितलं. मी मागं बसलो, जे या गाडीवर माझ्या वयाच्या माणसानं करू नये. मागची सीट वहीएवढी आहे. पाऊस ओसरला होता, रस्त्यावर सगळं गाव. राजारामपुरी, दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर. मुद्दाम सगळे सिग्नल घेतले. फॅन लागला. पहिल्या सिग्नलला मालकांचा खांदा आखडलेला मला जाणवत होता, ते रस्त्याकडं बघतच नव्हते, दिव्यांकडं बघत होते. 14.0. 13.9. पुढच्या सिग्नलला गाडी मुद्दाम बंद केली, पुन्हा बटण दाबलं, लगेच लागली. परत येताना त्यांनी गाडी जरा जास्तच पळवली, मी ओरडलो, त्यांना ऐकू गेलं नाही असं त्यांनी दाखवलं.

साडेसहा

बिल. आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड वायरिंग ही.

सामान चारशे रुपये. मजुरी साडेपाच हजार. मालकांनी कागद पुन्हा वाचला. माणूस वाईट नव्हता, पण व्यापारी होता.

"मिस्त्री, चारशेच्या वस्तूला साडेपाच हजार मजुरी?"

"सामान हवं तर तुम्हाला आधीच भरपूर मिळालंय की. दोन बॅटऱ्या, एक स्टेटर. फाईलमध्ये हाय सगळं."

ते गप्प. मग मी विचारलं, माग बंद पडला की तो दुरुस्त करणारा जॉबर कशाचे पैसे घेतो? बदललेल्या पट्ट्याचे का? ते जरा हसले. म्हणाले, "आमचा जॉबर बी असाच. कानानं ऐकून सांगतो कुठं लागतंय. आन पगारवाढ मागताना त्योच कान दाखवतो." पैसे मोजून दिले. शंभराची नोट परत द्यायला लागलो तर राहू दे म्हणाले, भाच्याला.

मग म्हणाले, "बिलावर 'फॉल्ट शोधणे' लिहू नका. 'वायरिंग काम' लिहा. आमचा हिशेबनीस विचारेल, शोधायचे कसले पैसे?"

तसं लिहून दिलं.

"आता परत हुणार न्हाई ना?"

"ह्या जागी न्हाई हुणार. बाकीच्या जागांचं मी कसं सांगू? पण झालं तर दिवे मोजत बसू नका, व्होल्ट बघा. मीटर टाकीवर तसाच ऱ्हाऊ दे."

टेंपोवाला बाहेर थांबला होता. मालकांनी त्याला भाडं देऊन रिकामा पाठवला आणि हेल्मेट घातलं.

साडेसात

शटर अर्ध्यावर ओढलं तेव्हा कॉलेजचा पोरगा पुन्हा आला, मागं त्याचे वडील. पोराच्या हातात ट्रॅकर. वडील म्हणाले, बाकी काय काढायचं ते काढा, हे परत लावा. पोरगं गाडी घेऊन कुठं जातंय ते आम्हाला कळाय पाहिजे. पोरगा माझ्याकडं असा बघत होता, की मी 'जमणार नाही' म्हणावं.

जमतं. मी तो चावीनंतरच्या लाइनीवर घेतला, मधे एक अँपिअरचा फ्यूज टाकून. चावी लावली की ट्रॅकर चालू, काढली की बंद. उभ्या गाडीत बॅटरी खाणार नाही. वडिलांना पुरेसं आहे, ते म्हणाले, उभी गाडी कुठं जाणार? पोरानं मात्र चावी काढून गाडी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली.